अर्ध्या झग्याचं आडनाव

आडनाव ही एकच अशी वडिलोपार्जित मालमत्ता आहे, की जिच्यावरून भाऊबंदकी होत नाही. चार भावांत घराच्या खोल्या वाटल्या जातात, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या लागतात, पण आडनाव मात्र ज्याला त्याला सबंधच्या सबंध मिळतं. त्याला स्टँपपेपर लागत नाही की वारसा दाखला लागत नाही. आणि फुकट मिळालेल्या वस्तूचं आपण जे करतो तेच आडनावाचंही करतो. ते आलं कुठून, याची चौकशी करत नाही.

आम्हा बँकेतल्या कारकुनांना मात्र आडनावांपासून सुटका नाही. एका शाखेत बावीस पाटील, त्यांतल्या तिघांची आद्याक्षरंसुद्धा तीच, असं असलं म्हणजे एकाचे पैसे दुसऱ्याच्या खात्यावर जाऊ नयेत यासाठी जी एकाग्रता लागते, तिच्यात योगी पुरुषाला समाधी लागली असती. त्यामुळे फ्रान्समधल्या आमच्या भाऊबंदांची मला कीव येते. तिथलं सर्वांत जास्त लोकांचं आडनाव आहे मार्टिन. लिहिताना शेवटी 'न' असतो, बोलताना तो नाकात जातो आणि उरतं 'मार्तँ'. अशी माणसं तिथे दोन लाखांच्या वर आहेत. 2021 साली त्या सरकारनं नवं ओळखपत्र काढलं, तेव्हा नमुन्याच्या कार्डावरही ज्या काल्पनिक बाईचं नाव छापलं तिचं आडनाव मार्तँच! फ्रेंचांत एक म्हणही आहे : जत्रेत मार्तँ नावाची गाढवं एकाहून जास्त असतात. म्हणजे नाव तेच म्हणून गाढवही तेच समजू नये. ही म्हण प्रत्येक काउंटरच्या आतल्या बाजूला लावण्यासारखी आहे. बाहेरच्या बाजूला लावली तर मात्र गिऱ्हाइकांचा गैरसमज व्हायचा.

फ्रेंच आडनावं पाहिली तर आपलीच वाटतात. लफेव्र म्हणजे लोहार, दुपाँ म्हणजे पुलाजवळचा, पती म्हणजे छोटा. (हा शेवटचा शब्द आमच्या घरात ऐकल्यावर सौ.ना हसू आवरेना.) पण मार्तँ या कुठल्याच गटात बसत नाही. ते मुळात आडनाव नव्हेच, नाव आहे. रोमन लोकांचा युद्धदेव मार्स. मार्टिनस म्हणजे त्या मार्सचा. चौथ्या शतकात आजच्या हंगेरीच्या मुलखात एका रोमन सैनिकानं आपल्या पोराचं नाव मार्टिनस ठेवलं. पोरगा मोठा होऊन चांगला लढावा, एवढीच बापाची अपेक्षा असणार. पोरगा सैन्यात गेला खरा, पण बापाच्या अपेक्षा पुऱ्या करण्याच्या बाबतीत त्या काळची पोरंही आजच्यासारखीच होती.

आमियाँ गावाच्या वेशीवर, ऐन कडाक्याच्या थंडीत, मार्टिनला एक उघडा भिकारी भेटला. खिशात पैसा नव्हता. अंगावर एक झगा होता. मार्टिननं तलवार उपसली आणि त्या झग्याचे दोन तुकडे केले. एक भिकाऱ्याला दिला, उरलेला स्वतः पांघरला. त्याच्या हयातीतच त्याचं चरित्र लिहायला घेणाऱ्या सल्पिशियस सेव्हेरसनं एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवून ठेवली आहे. त्या फाटक्या अवतारातल्या शिपायाला पाहून आजूबाजूचे काही लोक हसले. काहींना मात्र लाज वाटली, कारण त्यांच्याजवळ मार्टिनपेक्षा जास्त होतं आणि स्वतः उघडे न पडता त्यांना देता आलं असतं.

आता खरा प्रश्न असा, की अर्धाच का?

हिशेबी माणूस म्हणेल, निम्मा झगा सरकारी होता, स्वतःचा होता तेवढाच त्यानं दिला. असं म्हणणारे तिकडेही आहेत. हे उत्तर कारकुनाला पटण्यासारखं आहे. ऑडिटला बरं पडतं. उदार माणूस म्हणेल, द्यायचा तर सबंध द्यावा. पण सबंध दिला असता तर काय झालं असतं? भिकाऱ्याला ऊब आणि मार्टिनला हुडहुडी. कुडकुडणाऱ्यांची एकूण संख्या कायम! अर्धा दिल्यानं दोघांनाही पुरती ऊब मिळाली नाही, हेही खरंच. म्हणजे जमाखर्चाच्या वहीत दोन्ही नोंदी सारख्याच. पण मला वाटतं, फरक वहीच्या बाहेर आहे. सगळं देऊन टाकलं की देणारा मोठा होतो आणि घेणारा होता त्याहून लहान होतो. अर्धं दिलं की दोघं सारखे होतात. लोक हसले ते दोघांनाही हसले असतील. भिकाऱ्याच्या आयुष्यात त्याच्या बरोबरीनं हसू करून घेणारा तो पहिलाच माणूस असेल.

पुढे त्या अर्ध्या झग्याचं नशीब उघडलं. फ्रँक राजांनी तो पवित्र वस्तू म्हणून जपला. लॅटिनमध्ये झगा म्हणजे कापा, छोटा झगा म्हणजे कापेला. तो जिथे ठेवला त्या जागेलाही तेच नाव पडलं, आणि आज जगभर जी 'चॅपेल' आहेत ती त्या तुकड्यावरून. तो सांभाळणारे ते 'चॅप्लेन'. आणि चॅप्लेनवरूनच पुढे आडनाव आलं चॅप्लिन. तोकडा कोट घालून साऱ्या जगाला हसवणाऱ्या माणसाचं आडनाव लोकांनी हसलेल्या तोकड्या झग्यापाशी पोचावं, हा योगायोग मोठा गोड आहे.

मार्टिन पुढे साधू झाला. 371 साली तूरच्या लोकांनी त्याला बिशप करायचं ठरवलं, तर तो म्हणे हंसबदकांच्या खुराड्यात लपून बसला आणि बदकांनी कलकलाट करून त्याला पकडून दिलं. ही दंतकथा असेल, पण बदलीच्या भीतीनं ऑफिसरचं प्रमोशन नाकारणारी माणसं मी जवळून पाहिली असल्यामुळे मला ती शंभर टक्के खरी वाटते.

अशा माणसाचं नाव लोक आपल्या पोरांना देणारच. फ्रान्सभर शेकडो गावं साँ-मार्तँ झाली. गोव्यातले मार्टिन्स त्याच संताचे, फक्त पोर्तुगालच्या वाटेनं आलेले. मध्ययुगात एकेरी नावं अपुरी पडू लागली, तेव्हा बापाचं मार्तँ हे नाव पोराचं आडनाव झालं. आणि 1794 साली कायदाच झाला, की जन्मनोंदीत असेल तेच नाव लावायचं. खातं उघडलं ते उघडलं, नाव बदलणे नाही.

मग या लाखो मार्तँना त्या अर्ध्या झग्याचं पुण्य वारसानं मिळतं का?

सोळाव्या शतकात आर्तिगा गावच्या मार्तँ गेरची गोष्ट घडली. 'गेर' म्हणजेही युद्ध, म्हणजे दुहेरी लढाऊ नाव! बापाच्या धान्याच्या चोरीचा आळ आला म्हणून हा 1548 साली बायकोपोराला टाकून पळाला. आठ वर्षांनी एक तोतया आला. बायकोनं, बहिणींनी, गावानं त्याला मार्तँ म्हणून मानलं. चांभारानं मात्र साक्ष दिली, की खऱ्या मार्तँच्या पायाचं माप मोठं होतं. (स्पेसिमेन सही जपून का ठेवावी, ते यावरून कळावं.) निकाल लागत असतानाच लाकडी पाय घेऊन खरा मार्तँ उगवला, आणि 1560 साली तोतया फासावर गेला. नावाचा मालक ठरला, पण नाव वाढवलं कुणी, याचा निकाल कोर्टानं दिला नाही. ते कोर्टाचं काम नव्हतंही.

उलट ल्याँ शहरातून हिंदुस्थानात आलेला क्लोद मार्तँ. कंपनी सरकारचा सेनाधिकारी, निळीचा व्यापारी आणि सावकार. संत नक्कीच नव्हे. 1800 साली लखनौला वारला तेव्हा त्याच्या मृत्युपत्रातून लखनौ, कलकत्ता आणि ल्याँ इथे 'ला मार्टिनियर' शाळा निघाल्या.

गंमत अशी, की संत मार्टिनला मूलबाळ नव्हतंच. म्हणजे इतक्या लाखांत त्याचा वंशज एकही नाही! रक्तानं आलेलं यात काही नाही. कधीतरी कुण्या बापानं, पोर असं निघावं म्हणून ते नाव ठेवलं, एवढंच. तेव्हा आडनावात पुण्याची शिल्लक नसते, फक्त शिल्लक पडावी अशी कुणाची तरी इच्छा असते. पासबुक बापजाद्यांनी काढून दिलं, भरणा ज्याचा त्यानं करायचा.

मार्तँ असो की पाटील, थंडीत कुणी भेटलं तर त्याच्या वाटणीला आपल्या शालीचा केवढा तुकडा येतो, यावरूनच आडनाव कळायचं. आणि तुकडा अर्धा आला, तरी माणूस चांगल्या घरचा आहे असं खुशाल समजावं.