आधी कोण, मग कोण?

प्रोग्रॅमिंगच्या मुलाखतींत बरेचदा विचारलं जाणारं एक कोडं आहे. ३, ३०, ३४, ५ आणि ९ या संख्या एकापुढे एक जोडून मोठ्यात मोठी संख्या बनवा. पाचच संख्या असल्याने १२० मांडण्या तपासून मोकळं होता येईल. पण दहा संख्या झाल्या की मांडण्या ३६,२८,८०० होतात. तेव्हा नियम शोधणं भाग आहे. ‘मोठी संख्या आधी’ म्हटलं तर ३४ पुढे येऊन बसते आणि ९ मागे पडतो. ‘पहिला अंक मोठा, ती आधी’ म्हटलं तर ९ आणि ५ जागेवर बसतात, पण ३, ३० आणि ३४ यांचा तंटा मिटत नाही.

तोड सोपी आहे. दोघींना दोन्ही प्रकारे जोडून पाहायचं. ३ आणि ३० : ३३० मोठी की ३०३? म्हणून ३ आधी. ३४ आणि ३ : ३४३ की ३३४? म्हणून ३४ आधी. उत्तर ९५३४३३०.

पण जोडीजोडीने दिलेले निकाल एकमेकांशी जुळतीलच कशावरून? फ्रेंच गणिती कोंदोर्से यांनी १७८५ मध्ये मतदानातली हीच अडचण दाखवून दिली. समजा, तीन मतदार आहेत. एकाची पसंती क, ख, ग. दुसऱ्याची ख, ग, क. तिसऱ्याची ग, क, ख. क विरुद्ध ख लढतीत क जिंकतो, ख विरुद्ध ग मध्ये ख, आणि ग विरुद्ध क मध्ये चक्क ग! प्रत्येक निकाल दोन विरुद्ध एक, चोख. तरी पहिला कोण ते ठरत नाही.

संख्यांचं असं होत नाही. एक अंक असेल तर ९ने, दोन असतील तर ९९ने, अशा रीतीने प्रत्येकीला भागा. ३/९, ३०/९९, ३४/९९. आता ३/९ म्हणजेच ३३/९९, त्यामुळे ३४, ३३, ३० हा क्रम समोरच दिसतो. ‘जोडून पाहा’ ही कसोटी थोड्या बीजगणिताने या अपूर्णांकांच्याच तुलनेवर येते. समोर कोणीही असो, प्रत्येक संख्येची किंमत ठरलेली. जोडीच्या लढतीत ती फक्त उघड होते.

कोंदोर्सेंच्या उमेदवारांकडे अशी ठरलेली किंमत नव्हती. उत्तम शाळा, श्रेष्ठ कवी, राहण्याजोगी शहरं यांच्या याद्या आपण हौसेने वाचतो. दोहोंत उजवं कोणतं हे सांगता आलं, म्हणून सगळ्यांची रांग लागतेच असं नाही. रांगेला सामाईक माप लागतं. ते कोणतं, हे विचारल्याशिवाय पहिल्या नंबराला टाळ्या वाजवू नयेत.