गाडी सुरू झाली म्हणजे कारण कळले का?

लांबच्या प्रवासात जुनी गाडी बंद पडते, चालक खटपट करतो आणि गाडी सुरू होते. अशा वेळी ज्ञानमीमांसेतला एक जुना प्रश्न उभा राहतो. कृती सफळ झाली एवढ्यावरून तिच्यामागचे ज्ञान खरे होते, असे म्हणता येईल का? भारतीय दर्शनांनी या प्रश्नाचा काथ्याकूट शतकानुशतके केला. धूर आणि अग्नी, घट आणि कुंभार ही त्यांची ठरलेली उदाहरणे. रस्त्याच्या कडेला थांबलेली जुनी व्हॅन हे त्याच प्रश्नाचे तितकेच चांगले उदाहरण आहे, कारण तिथे अनुमान चुकले तर त्याची किंमत लगेच मोजावी लागते.

फोक्सवॅगनच्या टाइप २ व्हॅनचे उत्पादन जर्मनीत १९५० साली सुरू झाले. इंजिन मागच्या बाजूला, चार सिलिंडर दोन-दोन करून समोरासमोर आडवे, आणि थंड करायला पाण्याऐवजी पंख्याची हवा, अशी तिची रचना होती. रेडिएटर नसल्याने पाणी उकळण्याचा किंवा गोठण्याचा प्रश्न नव्हता. १९६० आणि १९७०च्या दशकांत युरोपातून इस्तंबूल, तेहरान, हेरात, कंदाहार, काबूल, पेशावर, लाहोर असा जो खुष्कीचा मार्ग भारतापर्यंत वाहत होता, त्यावर या व्हॅन सर्रास दिसत. काही काठमांडूला जात, तर काही गोव्यात हणजुणेच्या किनाऱ्यापर्यंत पोचत. १९७९ साली इराणमधली क्रांती आणि अफगाणिस्तानात शिरलेले सोव्हिएत सैन्य यांमुळे हा मार्ग बंद झाला. वाटेत शेकडो किलोमीटर मेकॅनिक भेटेलच याची खात्री नसे, त्यामुळे निदान चालकालाच करावे लागे. या इंजिनात संगणक नाही, सेन्सर नाहीत. जे कळते ते आवाज, वास, रंग, ताप आणि डॅशबोर्डवरचे एक-दोन दिवे यांवरून. म्हणजे इथले ज्ञान प्रत्यक्षापासून निघते, पण दोषापर्यंत पोचायला त्याला अनुमानाचाच आधार घ्यावा लागतो.

न्यायदर्शनाचा मूळ ग्रंथ असलेल्या न्यायसूत्रांनी आरंभीच जे सोळा पदार्थ, म्हणजे विचाराचे विषय, मोजले आहेत, त्यांत प्रमाण आणि प्रमेय यांच्यामागोमाग संशय व प्रयोजन येतात. चौकशी सुरू व्हायला शंका लागते आणि ती कशासाठी करायची याचे भानही लागते. अनुमानाचे तीन प्रकार सूत्रकार सांगतात. कारणावरून कार्य ओळखणे ते पूर्ववत्, कार्यावरून कारण ओळखणे ते शेषवत् आणि सामान्य साधर्म्यावरून न दिसणारी गोष्ट ओळखणे ते सामान्यतोदृष्ट. कंदाहारकडून सुमारे १,८०० मीटर उंचीवरच्या काबूलकडे चढताना हवा विरळ होते, तेव्हा कार्बोरेटरचे मिश्रण पेट्रोलने जड होणार आणि प्लग काजळणार, हा अंदाज पूर्ववत् प्रकारचा. काढलेला प्लग काळा निघाला म्हणून मिश्रण जड आहे असे ठरवणे हे शेषवत्. रस्त्यावरचे बहुतेक निदान या दुसऱ्या प्रकारचे असते आणि धोकाही तिथेच अधिक असतो, कारण एकाच कार्याची कारणे अनेक असू शकतात.

डॅशबोर्डवरचा लाल दिवा पाहावा. डायनामो बॅटरीला वीज पुरवत नसला की तो लागतो. डायनामोचे ब्रश झिजले असतील, रेग्युलेटर बिघडला असेल, वायर सुटली असेल किंवा फॅनबेल्ट तुटला असेल. पहिल्या तीन बाबतींत बॅटरी उतरेपर्यंत गाडी चालवता येते. पण या व्हॅनच्या बहुतेक इंजिनांत डायनामो आणि इंजिन थंड करणारा पंखा एकाच बेल्टवर फिरतात. बेल्ट तुटला असताना ‘चार्जिंगचेच काहीतरी असेल’ असे म्हणून पुढे जाणारा चालक काही मिनिटांत इंजिन जाळून बसतो. दिवा या हेतूपासून (अनुमानाच्या आधारापासून) ‘फक्त चार्जिंगचा दोष’ हे साध्य (जे ठरवायचे ते) सिद्ध होत नाही, कारण तो हेतू साध्याबाहेरही आढळतो. नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे अनुयायी, अशा हेतूला सव्यभिचार म्हणतात. उपाय साधा आहे: दिवा लागताच थांबून मागचे झाकण उघडावे आणि बेल्ट डोळ्यांनी पाहावा. जिथे प्रत्यक्ष सहज मिळते तिथे अनुमानावर विसंबू नये.

दुसरा हेत्वाभास, म्हणजे खरा भासणारा सदोष हेतू, याहून फसवा आहे. टॅपेटची खटखट कमी झाली की इंजिन नीट बसले असे वाटते. वस्तुस्थिती नेमकी उलटी असू शकते. व्हॉल्व्ह आणि रॉकर यांच्यात ठरावीक फट लागते. नंतरच्या इंजिनांत ती मिलिमीटरच्या सुमारे ०.१५ इतकी ठेवली जाते. व्हॉल्व्ह ताणला किंवा त्याची बैठक झिजली की ही फट मिटत जाते आणि आवाजही मंदावतो. मग एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पुरता बंद होत नाही. बैठकीला टेकल्यावर जी उष्णता हेडमध्ये उतरायची ती व्हॉल्व्हमध्येच राहते आणि शेवटी तो जळतो किंवा मोडतो. शांतता हा स्वास्थ्याचा पुरावा समजला गेला, आणि ती दाखवत होती बिघाड. हेतू साध्याच्या विरुद्ध गोष्टच सिद्ध करत असेल, तर त्याला विरुद्ध हेत्वाभास म्हणतात. म्हणूनच या गाडीचे टॅपेट आवाजावर न सोडता दर काही हजार किलोमीटरला, इंजिन थंड असताना, गेज घालून तपासायचे असतात.

चुकीच्या हेतूंपासून सावध राहणे ही झाली निदानाची अर्धी बाजू. दुसरी बाजू म्हणजे शक्यता एकेक करून गाळणे. न्यायसूत्रांवरील वात्स्यायनाच्या भाष्यात शेषवत् अनुमानाचा एक अर्थ परिशेष असाही दिला आहे: जे संभवते ते सर्व मांडायचे, जे लागू पडत नाही ते वगळायचे आणि जे उरते ते स्वीकारायचे. पेट्रोल इंजिन चालायला योग्य वेळी ठिणगी, योग्य प्रमाणात पेट्रोल व हवा आणि सिलिंडरमध्ये पुरेसा दाब लागतो. गाडी बंद पडताच प्लगची वायर काढून, धातूजवळ धरून सेल्फ मारला आणि ठसठशीत ठिणगी पडली, तर कॉइल, कंडेन्सर आणि पॉइंट यांच्यावरचा संशय बहुतांशी फिटतो. मग पेट्रोल कार्बोरेटरपर्यंत येते की नाही ते पाहायचे. परिशेषाची ताकद मात्र यादी पुरी आहे यावर अवलंबून असते. टाकीत हवा शिरण्याची वाट कचऱ्याने बुजली तर आत निर्वात तयार होतो आणि पंप शाबूत असूनही पेट्रोल येत नाही. ही शक्यता यादीतच नसेल, तर चालक चांगला पंप काढून फेकतो. टाकीचे झाकण उघडताना फुस्स असा आवाज आला आणि त्यानंतर गाडी चालू झाली, तर राहून गेलेली नोंद आपोआप सापडते.

सर्वांत कठीण दोष म्हणजे गाडी तापल्यावर बंद पडते आणि निवल्यावर सुरू होते. त्याची दोन कारणे नेहमी आढळतात. एक, तापलेल्या पंपात किंवा नळीत पेट्रोलची वाफ होऊन प्रवाह अडतो. दोन, कॉइलच्या आतला तुटका धागा उष्णतेने ताणून वेगळा होतो व थंड झाल्यावर पुन्हा जुळतो. पंप आणि कॉइल एकाच इंजिनघरात असल्याने दोन्ही एकदमच तापतात आणि एकदमच निवतात. चालक पंपावर ओले फडके ठेवतो, वीस मिनिटांनी गाडी सुरू होते आणि ‘वाफच होती’ असा निकाल लागतो. पण त्या वीस मिनिटांत कॉइलही निवलेली असते. इथे अन्वय आहे, व्यतिरेक नाही. फडके ठेवले तेव्हा गाडी चालली हे दिसले. फडके न ठेवता तेवढाच वेळ थांबलो असतो तर ती चालली नसती, हे तपासलेलेच नाही.

एखादी गोष्ट कार्याच्या आधी घडली म्हणून ती कारण होत नाही, हे सांगण्यासाठी नैयायिकांनी अन्यथासिद्धाची कल्पना मांडली. कुंभाराचे माती वाहणारे गाढव घटाच्या आधी असते, तरी ते घटाचे कारण नव्हे, कारण माती दुसऱ्या मार्गानेही आणता आली असती. रस्त्यावर गाढवांची कमतरता नसते. प्लग पुसला, पॉइंटवर पॉलिशपेपर मारला, वायर हलवली, पंप ओला केला आणि मग गाडी चालू झाली. यांतले कारण कोणते आणि नुसते आधी घडलेले कोणते, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. म्हणून निदानाचा पहिला दंडक असा की एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दुसरा त्याहून कडक आहे. शक्य असेल तेव्हा बदललेली गोष्ट पूर्ववत करून दोष परत येतो का ते पाहावे. दुसरी कॉइल लावल्यावर गाडी तापूनही चालते आणि जुनी लावल्यावर पुन्हा बंद पडते, असे दिसले तरच कॉइलवर बोट ठेवता येते.

असे करूनही व्याप्ती, म्हणजे हेतू आणि साध्य यांना जोडणारा नियम, चुकू शकते. तीन घाटांत तीनदा बंद पडलेल्या गाडीविषयी ‘घाट आला की ही बसते’ असा नियम चालक बांधतो. पहाटेच्या गारठ्यात तीच गाडी खिंड विनातक्रार चढते आणि दुपारी सपाट वाळवंटात बंद पडते, तेव्हा नियम मोडतो. खरा संबंध तापण्याशी होता. घाटात गाडी तापत होती, एवढेच. अशा आड राहिलेल्या अटीला न्यायशास्त्रात उपाधी म्हणतात. जिथे अग्नी तिथे धूर, हा नियम ओल्या इंधनाच्या अटीवरच खरा ठरतो, हे तिचे रूढ उदाहरण. चौदाव्या शतकातल्या सर्वदर्शनसंग्रहात चार्वाकांचा आक्षेप असाच मांडला आहे: सर्व काळच्या आणि सर्व स्थळांच्या उपाधी कुणी तपासलेल्या नसतात, म्हणून कोणतीही व्याप्ती निश्चित नाही. अशा आक्षेपाला नैयायिक उदयनाने दिलेले उत्तर व्यवहारावर उभे आहे. शंका घेणाऱ्याची स्वतःची कृतीच शंकेच्या विरोधात जाऊ लागली की शंकेची हद्द संपते. पेट्रोलशिवाय इंजिन चालेल की काय अशी शंका बोलून दाखवणाराही पुढच्या पंपावर टाकी भरतोच. तरीही उदयनाचे उत्तर प्रत्येक शंका मोडून काढत नाही. कॉइलविषयीची शंका व्यवहाराशी मुळीच विसंगत नाही. ती तपासूनच मिटवावी लागते.

आता मूळ प्रश्नाकडे येता येते. न्यायमतात ज्ञानाचे प्रामाण्य बाहेरून, मुख्यतः सफळ प्रवृत्तीवरून कळते: पाणी समजून गेलो आणि तहान भागली, तर ते ज्ञान खरे. कुमारिलाच्या मीमांसेत ज्ञान स्वतःच प्रमाण असते आणि बाधक पुढे आले तरच ते अप्रमाण ठरते. धर्मकीर्तीच्या बौद्ध परंपरेतही अर्थक्रियेशी, म्हणजे वस्तूकडून अपेक्षित कार्य घडण्याशी, विसंवाद नसणे ही कसोटी आहे. मात्र सफळता आणि ज्ञान यांची फारकत होऊ शकते, हे याच परंपरांतल्या विचारवंतांनी ओळखले होते. आठव्या शतकातला धर्मोत्तर असे उदाहरण देतो: मांस भाजायला नुकताच पेटवलेला विस्तव, धूर अजून नाही, पण वर घोंगावणारे कीटक दुरून धुरासारखे दिसतात. पाहणारा अग्नीचे अनुमान करतो आणि अग्नी असतोही. बाराव्या शतकातला श्रीहर्ष मुठीतल्या कवड्यांचा आकडा केवळ अंदाजाने अचूक सांगणाऱ्याचा दाखला देतो. दोघांचेही उत्तर बरोबर आहे, पण त्याला ज्ञान म्हणायला मन कचरते. पाश्चात्त्य तत्त्वज्ञानात हाच पेच एडमंड गेटियरच्या १९६३ मधल्या निबंधाने ऐरणीवर आणला. ओल्या फडक्याने चालू झालेली व्हॅन याच जातीची आहे. गाडी चालली हे खरे, वाफेची शक्यताही खरी, पण दोघांचा सांधा तपासलेला नाही. म्हणून सफळता हा ज्ञानाचा पुरावा खरा, तरी तो एकटा पुरत नाही. ज्या कारणाला श्रेय दिले ते काढून घेतल्यावर सफळताही जाते, असे दिसले तर तो पुरावा पक्का होतो.

कारण सापडल्यावरही ते किती खोलवर शोधायचे हा प्रश्न उरतो. जुन्या इंजिनांत तिसऱ्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह इतरांआधी जळण्याची प्रवृत्ती असे. तात्कालिक कारण मिटलेली फट. तिच्यामागे जादा ताप, आणि तापामागे रचना: ऑइल कूलर पंख्याच्या कवचात हवेच्या वाटेवरच बसवलेला होता, त्यामुळे त्या सिलिंडरला मिळणारी हवा कमी आणि आधीच तापलेली असे. १९७१च्या मॉडेलपासून कूलर बाजूला सरकवून त्याला हवेची वेगळी वाट दिली गेली. चालकासाठी कारण म्हणजे फट, कारखान्यासाठी कारण म्हणजे कूलरची जागा. दोन्ही खरी आहेत. कोणते पुढे धरायचे हे प्रयोजन ठरवते.

या साखळीच्या टोकाला धर्माचा प्रश्न येतो. खंडेनवमीला किंवा दसऱ्याला गाडीची पूजा होते, बंपरला लिंबू-मिरची बांधली जाते. वैशेषिकसूत्रांनीही लोहचुंबकाकडे सरकणाऱ्या सुईचे आणि वर जाणाऱ्या ज्वाळेचे कारण म्हणून अदृष्टाचे, म्हणजे न दिसणाऱ्या कारणाचे, नाव घेतले आहे. पण शास्त्रकारांचा सर्वमान्य दंडक असा की दृष्ट कारण संभवत असताना अदृष्टाची कल्पना करू नये. गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणे सांगताना अधिष्ठान, कर्ता, करणे आणि चेष्टा यांच्यानंतर पाचवे म्हणून दैव येते. पहिल्या चारांची जागा ते घेत नाही. बेल्ट न तपासता दैवाला बोल लावणे या क्रमात बसत नाही. उलट, सर्व तपासूनही प्रवासाचा शेवट चालकाच्या मुठीत नसतो, हे मान्य करायला या क्रमात जागा आहे. पूजेचा अर्थ या दुसऱ्या जागी लागतो. ती निदानाच्या आड येत नाही आणि निदानाची उणीवही भरून काढत नाही.

न्यायसूत्रांत निर्णय म्हणजे पक्ष आणि प्रतिपक्ष दोन्ही विचारात घेऊन केलेला निश्चय. रस्त्याच्या कडेला त्यासाठी वेळ, सुटे भाग आणि उजेड नेहमी मिळतातच असे नाही. अंधार पडण्याआधी पुढचे गाव गाठण्यासाठी फडके पुरेसे असते आणि ते वापरण्यात तार्किक दोष नाही. तात्पुरत्या उपायालाच निर्णय समजले की दोष सुरू होतो. ‘पंप ओला केला, थांबलो, गाडी चालली, कॉइल तपासायची राहिली’ एवढी नोंद ठेवणारा चालक कमी जाणतो, पण जे जाणतो ते खरे असते. ‘वाफ होती’ असे म्हणणाऱ्याचे कदाचित बरोबरही निघेल. पण पुढच्या वेळी गाडी बंद पडेल, तेव्हा कॉइलकडे पाहायचे त्याला सुचणार नाही.