मांजराचा अपराध कोणता?

सोफ्याची कड उसवलेली दिसली की घरात पहिला निवाडा होतो, ‘मुद्दाम करते मेली!’ ही तक्रार नव्हे, आरोप आहे. आणि आरोपासाठी नियम ठाऊक असणे व तो मोडण्याचा हेतू असणे, दोन्ही लागते. मांजराच्या नखीवर थर चढतात. खरखरीत पृष्ठभागावर घासल्याने वरचे जुने कवच सुटते आणि खालची धारदार नखी मोकळी होते. झोपेतून उठल्यावर अंग ताणायलाही हाच आधार लागतो. शिवाय बोटांमध्ये गंधग्रंथी असतात, त्यामुळे ओरखड्याबरोबर वासही मागे राहतो. रानमांजर झाडाच्या बुंध्यावर हेच करते. अडगळीतली फळी सोडून दिवाणखान्यातला, सगळ्यांच्या वावरातला सोफाच का, याचे उत्तरही इथेच आहे: खूण जिथे कळेल तिथेच करायची. आपल्याला जो सूड वाटतो, ती मांजराने स्वतःच्या रहिवासाची केलेली नोंद असते.

यावर कोणी म्हणेल, ओरडले की ते थांबते, पळते. म्हणजे चूक कळतेच ना? कळते ती ओरडणाऱ्याची भीती. पाठ वळली की तेच पुन्हा सुरू होते, यावरून ते परिणाम शिकले आहे, नियम नव्हे, एवढेच सिद्ध होते. मात्र म्हणून तत्त्वज्ञ देकार्तसारखे प्राण्याला यंत्र ठरवण्याचे कारण नाही. मांजराला वेदना आहे, भय आहे. घरातला ताण वाढला की त्याचे ओरबाडणेही वाढू शकते. तान्ह्या बाळालाही दुखते, पण त्याच्या हातून फुटलेल्या कपाला कोणी पाप म्हणत नाही. मांजराच्या बाबतीत आपली परंपराही एका मताची नाही. महाभारतात गंगाकाठी तपाचे सोंग घेऊन उंदीर खाणारे मांजर आहे आणि महाबलीपुरमच्या सातव्या शतकातल्या शिल्पात मागच्या पायांवर उभे राहून तपस्व्यासारखे पुढचे पाय वर केलेले मांजर आहे. (नख्या घासणारे मांजर थेट याच पवित्र्यात उभे राहते!) उलट श्रीवैष्णवांच्या तेंगलै पंथात, पिल्लाला तोंडात धरून नेणारी मांजरी ईश्वराच्या निर्हेतुक कृपेचा दाखला ठरते. एकाच प्राण्यात ढोंगही दिसते आणि कृपाही. दोन्ही माणसाने आपल्याकडची त्याच्यावर चढवलेली आहेत.

खरा आक्षेप पुढचा आहे. स्वभाव म्हणून मांजराला माफी, तर माणसाच्या संतापाला का नको? कारण संताप येणे स्वभावात असले, तरी हात उचलण्याआधी माणसाला थांबता येते, पर्याय तोलता येतात. जबाबदारी या क्षमतेमागून येते, म्हणून ती इथे एकतर्फीच आहे. सोफा कसा वाचवायचा, हेही मग माणसानेच ठरवायचे. नख्या काढण्याच्या शस्त्रक्रियेत नुसती नखी जात नाही, बोटाचे शेवटचे हाड कापले जाते. सोफा वाचवण्यासाठी असे करणे मला तरी समर्थनीय वाटत नाही; न्यूयॉर्क राज्याने 2019 मध्ये त्यावर बंदी घातली. याचा अर्थ फर्निचर सोडून द्यावे, असाही नाही. मांजर पूर्ण ताणून उभे राहील इतका उंच आणि न डगमगणारा, दोर गुंडाळलेला खांब त्या उसवलेल्या कडेला लागूनच ठेवा. ते तो वापरू लागले की हळूहळू हवा तिथे सरकवा. पहिल्याच दिवशी गॅलरीत नेऊन ठेवलात, तर ते सोफ्याकडेच परत येईल.