धरणाचा धनी कोण?

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे मातीचे, काम अपुरे राहिलेले धरण फुटले. त्या लोंढ्याने खालचे खडकवासलाही फुटले आणि पुण्याचा नदीकाठ बुडाला. असे काही घडले की 'देवाची करणी' म्हणून आपण मोकळे होतो. आम्हांस हे पटत नाही. पाऊस देवाचा खरा. पण भिंत माणसाने घातली, ती राखायचीही त्यानेच. मोठ्या धरणांसाठी २०२१ साली झालेला धरण सुरक्षा कायदा हेच सांगतो : धरण ज्याचे, त्याने पावसाळ्याआधी व नंतर ते तपासावे, डागडुजी करावी, संकटाची तजवीज आधीच ठेवावी. कायदा तपासणीची वही भरून घेईल हो. पण झिरपते पाणी पाहून धन्याची झोप उडावी, हे कायद्याच्या हाती नाही. खालच्या गावचे जीव आपले वाटले, तरच धनीपण खरे. एरवी ती नुसती मालकी.