शब्द टाकताना

गोरखीच्या दरवाज्यातून आत शिरले की आमच्या पिढीला आधी शाळा आठवते, मग देवघर आणि त्यानंतर कचेऱ्या. १८१० साली दौलतराव शिंद्यांनी येथे छावणी टाकली, त्या छावणीचेच पुढे लष्कर नावाचे शहर झाले, आणि गोरखी हे त्या शहरातील शिंद्यांचे जुने निवासस्थान. या परिसरात जी मराठी घरे वसली, त्यांतील बहुतेकांच्या घराण्याची कथा एकाच प्रकारे सुरू होते. कोकणातून अथवा देशावरून कोणी एक पूर्वज निघाला. येथे त्याच्या गावचा कोणी होता. त्याने योग्य ठिकाणी शब्द टाकला आणि घराचे बस्तान बसले.

१८५७ साली वरसईचे विष्णुभट गोडसे उत्तरेकडे निघाले, तेही घरच्या कर्जाची चिंता आणि बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार असल्याची वार्ता एवढ्याच शिदोरीवर. त्यांचा ‘माझा प्रवास’ १९०७ साली प्रसिद्ध करणारे चिंतामणराव वैद्य हे स्वतः ग्वाल्हेर संस्थानात सरन्यायाधीश होते. भिक्षुक असो वा न्यायाधीश, विद्येला मागणी जिकडे, तिकडे माणूस जातो; आणि परमुलखात पहिला आधार असतो तो ओळखीचा.

आज प्रवाहाची दिशा पालटली आहे. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले, १९५६ मध्ये राजधानी भोपाळला गेली, आणि आता आपली मुले-नातवंडे पुण्याला, बंगळूरला जातात. तेथे ती व्यावसायिक ओळखी जोडण्याच्या खटपटीत असतात. कोणाला भेटावे, काय बोलावे, कोणाची आठवण कधी काढावी, याचे रीतसर शिक्षण मिळते म्हणे. हे ऐकून आम्हां वडीलधाऱ्यांच्या कपाळी आठी पडते. माणसांशी नाते जोडायचे ते कामापुरते? परंतु आपल्या पणजोबांनी याहून वेगळे काय केले होते, असा प्रश्न एखाद्या नातवाने विचारला, तर त्याचे उत्तर सोपे नाही.

ओळख शोधण्यात दोष नाही, असे आम्हांस वाटते. अनोळखी शहरात माणसाचे गुण त्याच्या कपाळावर लिहिलेले नसतात. कोणीतरी ते पाहिलेले असावे लागतात आणि पाहिले असे सांगावे लागते. दोष शिरतो तो सांगणाऱ्याच्या बाजूने. न पाहिलेले पाहिले म्हणून सांगितले, की ओळखीचा वशिला होतो.

हे आम्ही स्वानुभवाने लिहीत आहोत. काही वर्षांपूर्वी आमच्या एका जुन्या स्नेह्याचा नातू पुण्यास निघाला. स्नेह्यांनी मोठ्या भिडेने शब्द टाकण्याविषयी सुचविले. पुण्यात आमचे एक माजी विद्यार्थी बऱ्या हुद्द्यावर होते. मुलगा कष्टाळू व भरवशाचा आहे, असे आम्ही त्यांना लिहिले. खरे पाहता त्या मुलाला आम्ही गणेशोत्सवाच्या मांडवात दोन-चार वेळा पाहिले होते, इतकेच. त्याला जागा मिळाली आणि चार महिन्यांत कोणालाही न सांगता तो ती सोडून गेला. आमच्या विद्यार्थ्याने तक्रारीचा एक शब्दही काढला नाही. त्याचे ते मौन आम्हांस अधिक बोचले.

खरी खंत मात्र पुढची आहे. पुढच्याच वर्षी, आमच्याकडे तीन वर्षे गणित शिकलेली एक मुलगी पुण्यास जाण्याच्या तयारीत होती. वडील बाड्याजवळ शिवणकाम करणारे, घर मराठी नव्हे. तिच्याविषयी लिहिण्याजोगे सर्व काही आम्ही डोळ्यांनी पाहिले होते. पण लेखणी उचलली गेली नाही. आमचा शब्द आधीच खर्ची पडला होता, आणि तोही नको तेथे. तिने काही मागितलेही नव्हते. न मागणाऱ्याचा हक्क विसरणे फार सोपे असते.

‘आपला माणूस’ या दोन शब्दांत ऊबही आहे आणि कुंपणही. परदेशी गेलेल्या लहान समाजाला ती ऊब लागते, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु एका घरासाठी उघडलेले दार त्याच क्षणी दुसऱ्या कोणासाठी लागते, हेही तितकेच खरे. अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली मांडले की, नोकरीची वार्ता जिवलगांपेक्षा दूरच्या परिचितांकडून अधिक येते. कारण जिवलगांना ठाऊक असते तेच बहुधा आपल्यालाही ठाऊक असते. म्हणजे कुंपण केवळ अन्यायाचे नाही, तोट्याचेही आहे.

ग्वाल्हेरकरांना हे परक्या विद्वानाने सांगण्याची गरज नव्हती. वासुदेवबुवा जोशी गाणे शिकले ते हस्सू खाँसाहेबांकडे. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर दक्षिणेतून आले, त्यांनी वासुदेवबुवांकडून ती विद्या घेतली आणि महाराष्ट्रात नेली. त्यांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुसकर यांनी १९०१ साली लाहोरासारख्या दूरच्या शहरी गांधर्व महाविद्यालय उभे केले. येथे शंकरराव पंडितांना निसार हुसेन खाँसाहेबांनी विद्या दिली, आणि पुढे खाँसाहेब पंडितांच्याच घरी राहिले. आपण ज्याचा सर्वाधिक अभिमान बाळगतो ते गाणे आपल्याला मिळाले ते ‘आपला माणूस’ नसलेल्याच्या दारातून. त्या उस्तादांनी गळा पाहिला, तयारी पाहिली; गाव आणि कूळ हा निकष मानला असता, तर आपली ओंजळ रितीच राहिली असती.

पूर्वजांसाठी ज्यांनी शब्द टाकला, त्यांचे ऋण त्यांना फेडता येत नाही. ते केव्हाच गेले. हे ऋण पुढच्या नवागतालाच द्यावे लागते, मग तो गोरखीच्या गल्लीतून पुण्याला जाणारा असो वा भिंड-मुरैन्याहून आपल्या गल्लीत भाड्याने राहावयास आलेला. आम्ही आता स्वतःपुरता एक नियम केला आहे. जे पाहिले तेवढेच लिहावे. आणि त्याच जागेची आस धरून बसलेल्या दुसऱ्या मुलासमोर मोठ्याने वाचता येईल असेच लिहावे. स्नेह्यांना नाही म्हणताना संकोच होतो. परंतु नातवाशी चार दिवस बोलून, त्याचे काम पाहून मग लिहू, असे म्हणता येतेच.

गेल्या महिन्यात आम्ही त्या पुण्याच्या विद्यार्थ्याला पत्र लिहिले. आरंभी, पहिल्या पत्रात आम्ही न पाहिलेले लिहिले होते, हे कबूल केले. शिष्याला असे लिहिणे जड गेले. त्यानंतर त्या मुलीविषयी तीन वर्षांत जे पाहिले, ते लिहिले. आणि तिला विचारून तिचा पत्ता दिला. उत्तर अद्याप आलेले नाही. आमच्या शब्दाला तेथे आता किती वजन उरले आहे, हे ठरविण्याचा अधिकार त्यांचा आहे.