बुडबुड्यात काय असतं?

चहाचं आधण खळखळायला लागलं की पातेल्याच्या तळातून मोठे बुडबुडे वर येतात. त्यांच्यात काय असतं? पुढे वाचण्याआधी मनाशी एक उत्तर ठरवा.

त्यांच्यात पाणीच असतं. वायुरूपातलं पाणी, म्हणजे वाफ. पाणी नुकतं तापू लागतं तेव्हा कडेला चिकटणारे बारीक बुडबुडे विरघळलेल्या हवेचे असतात, पण उकळतानाचे मोठे बुडबुडे वाफेचे. रॉजर ऑस्बॉर्न आणि मार्क कॉस्ग्रोव्ह या संशोधकांनी न्यूझीलंडमधल्या मुलांना हा प्रश्न विचारला आणि 1983 साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. मुलांची उत्तरं होती: उष्णता, हवा, हायड्रोजन आणि ऑक्सिजन. शेवटचं उत्तर देणाऱ्यांत विज्ञान शिकलेली मोठी मुलंही बरीच होती.

त्यांचा तर्क आपल्याला लगेच ओळखू येतो. पाणी म्हणजे एचटूओ. उष्णता दिली की ते तुटलं; एच एकीकडे, ओ दुसरीकडे. सूत्र पाठ होतं म्हणूनच ही चूक सुचली. आणि हे चित्र डोक्यात ठेवून खुशाल पास होता येतं. उत्कलनांक 100 अंश सेल्सिअस, बरोबर. अप्रकट उष्म्याचं गणित, बरोबर. कुठलीच पायरी तुम्हाला अडवत नाही.

मी सॉफ्टवेअर इंजिनीअर आहे. माझ्या कामात चुकीच्या समजुतीला फार दिवस लपून राहता येत नाही. कधी कोड कंपाइल होत नाही, कधी टेस्ट फेल होते, कधी रात्री दोन वाजता सर्व्हर बंद पडतो. यंत्र दयामाया न दाखवता सांगतं, की तुझ्या डोक्यात जे आहे तसं इथे नाही. रेणू हे सांगत नाहीत. ते दिसत नाहीत आणि आपण त्यांच्याबद्दल काय कल्पना करतो याची त्यांना फिकीर नाही. सुझन न्यूरेनबर्न आणि माइल्स पिकरिंग यांनी 1987 साली दाखवलं, की वायूच्या नियमांवरची गणितं सोडवणाऱ्या अनेक कॉलेजच्या विद्यार्थ्यांना, भांड्यात ठिपक्यांनी काढलेल्या रेणूंच्या चित्रांतून योग्य चित्र निवडता येत नाही. गणित हाताला जमलेलं असतं. चित्र मात्र कुणी तपासलेलंच नसतं.

मग ते तपासायचं कुणी? शेजारी बसलेल्याने. समजा, एकीने म्हटलं की बुडबुड्यात हायड्रोजन आणि ऑक्सिजन आहे. दुसरीलाही नक्की उत्तर माहीत नाही, पण ती विचारते, ‘‘अगं, मग खाली गॅस पेटलेला असताना भडका का उडत नाही?’’ पहिली गप्प. तिसरी म्हणते, ‘‘आणि झाकणाला आतून पाणीच कसं लागतं? हायड्रोजन-ऑक्सिजन परत एकत्र यायला काहीतरी व्हायला नको?’’ आता तिघींना मिळून एक गोष्ट दिसू लागते. उकळताना रेणू एकमेकांपासून सुटतात, रेणू स्वतः मोडत नाही. हे तिघींपैकी कुणालाच आधी माहीत नव्हतं.

असं खरंच घडतं. 2009 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात मिशेल स्मिथ आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास आला. विषय रसायनशास्त्र नव्हता, कोलोरॅडो विद्यापीठातला आनुवंशशास्त्राचा वर्ग होता. विद्यार्थ्यांनी आधी एकट्याने उत्तर दिलं, मग शेजाऱ्यांशी चर्चा करून पुन्हा उत्तर दिलं. त्यानंतर, बरोबर उत्तर न सांगताच, त्याच संकल्पनेवरचा वेगळा प्रश्न त्यांना एकट्याने सोडवायला दिला. आधी चुकलेल्यांपैकी अनेकांनी तो बरोबर सोडवला. मुळात फारच थोड्यांना उत्तर माहीत होतं अशा अवघड प्रश्नांतही सुधारणा दिसली. म्हणजे हुशार मुलाकडून उत्तर उचललं, एवढ्यावर हे भागत नाही. बोलण्यातून काहीतरी नवीन तयार होत होतं.

इथवरचा मुद्दा शिकवण्याच्या पद्धतीचा झाला. मला त्यातला नैतिक प्रश्न जास्त छळतो. माझं चुकीचं चित्र फक्त दुसऱ्याच्या चित्रावर आपटूनच फुटणार असेल, तर माझी समज काही अंशी तुझ्या हातात आहे आणि तुझी माझ्या. मग आपण एकमेकांचं काय देणं लागतो?

आपल्याकडच्या बारावीच्या वर्गात हा प्रश्न अवघड होतो. जेईई मेन आणि एमएचटी-सीईटीचे निकाल पर्सेंटाइलमध्ये लागतात. पर्सेंटाइल म्हणजे शंभरात किती जण तुमच्याइतके किंवा तुमच्याहून कमी गुण मिळवून आहेत याचा आकडा. तिथे मित्र वर गेला की हिशेबापुरते तुम्ही खाली येता. लाखो मुलांत एका मित्राने काय फरक पडतो, असं म्हणता येईल. पण मनाला लाखो मुलं दिसत नाहीत, शेजारच्या बाकावरचा एकच दिसतो. त्यामुळे नोट्स लपवणं, ‘‘माझा तर काहीच अभ्यास झाला नाही रे’’ म्हणणं, शंका विचारली की ‘‘सरांना विचार’’ म्हणून सुटणं, हे सगळं शहाणपणाचं वाटू लागतं.

यावर एक ठरलेलं उत्तर असतं: दुसऱ्याला समजावलं की आपलंच पक्कं होतं. ते खरं आहे. आमच्या धंद्यात ‘रबर डक’ नावाची युक्ती आहे. कोड अडला की टेबलावरच्या रबराच्या बदकाला तो ओळीनेओळ समजावून सांगायचा. सांगता सांगता चूक सापडते. पण हे उत्तर मला पुरत नाही, कारण त्यात मित्राचं बदक होतं. तो तिथे माझ्या फायद्यासाठी आहे, आणि फायदा संपला की मी मोकळा.

दुसरं उत्तर कायद्याच्या भाषेतलं: मदत न करणं आणि नुकसान करणं यांत फरक आहे. मी त्याला चुकीचं सांगितलं नाही, फक्त गप्प राहिलो. एरवी हा फरक मलाही मान्य आहे. जगातल्या प्रत्येकाची प्रत्येक शंका सोडवायला मी बांधलेलो नाही. पण चर्चेत बसल्यावर हा फरक टिकत नाही. मित्र मला त्याचं चित्र सांगतो, ‘‘बंध तुटला की ऊर्जा बाहेर पडते, हो ना?’’ मला माहीत आहे की उलट आहे. बंध तोडायला ऊर्जा लागते, नवे बंध तयार होताना ती बाहेर पडते. मी काहीच बोलत नाही. तो माझं गप्प बसणं काय समजेल? मौन म्हणजे संमती. त्याने आपलं चित्र तपासायला माझ्यापुढे ठेवलं होतं आणि मी न बोलता त्यावर शिक्का मारला. तिथे माझं मौन हेच एक उत्तर आहे, आणि तेही चुकीचं.

म्हणून मला वाटतं, आपण देणं लागतो ते उत्तर नव्हे, प्रतिसाद. ‘मला असं दिसत नाही आणि त्याचं कारण हे’ एवढं सांगणं. बाकीचं त्याचं काम. उलट बाजूनेही तेच: मला कळलेलं नसताना ‘‘हां, कळलं’’ म्हणून मान डोलावणं ही समोरच्याची फसवणूक आहे. त्याला वाटतं, आपलं स्पष्टीकरण चाललं.

न्यायसूत्रांमध्ये चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत: वाद, जल्प आणि वितंडा. वाद सत्य शोधण्यासाठी, जल्प जिंकण्यासाठी, आणि वितंडा म्हणजे स्वतःची कुठलीच बाजू न मांडता फक्त समोरच्याची खोडून काढणं. आपल्या बोलीत मात्र तिन्हींचा एकच लगदा झाला आहे. ‘वाद घालू नकोस’ हे आपण लहानपणापासून ऐकतो, आणि वर्गात सरांशी वाद घालणारा उद्धट ठरतो. सत्य शोधण्याच्या कामाचं नाव भांडणाला गेलं, आणि ते काम बिननावाचं राहिलं.

खुद्द रसायनशास्त्राला या कामाची गरज किती होती, ते कार्ल्सरूहमध्ये दिसलं. सप्टेंबर 1860 मध्ये जर्मनीतल्या या गावी युरोपभरचे शंभराहून जास्त रसायनशास्त्रज्ञ तीन दिवस जमले. कारण लाजिरवाणं होतं. अणू म्हणजे काय, रेणू म्हणजे काय, यावरच त्यांचं एकमत नव्हतं. कुणी ऑक्सिजनचा भार 8 धरून पाण्याचं सूत्र एचओ लिहीत असे, कुणी 16 धरून एचटूओ. परिषदेमागचा एक मुख्य माणूस केकुले. त्याच्या 1861 च्या पाठ्यपुस्तकात तेव्हा वापरात असलेली ॲसिटिक ॲसिडची 19 वेगवेगळी सूत्रं दिलेली आहेत. म्हणजे आपण मुलांना जे सूत्र एका तासात पाठ करायला लावतो, त्यावर जाणत्यांनी अर्धं शतक वाद घातला होता.

इटलीच्या कानिझारोने तिथे बाजू मांडली, की आवोगाद्रोने 1811 मध्ये मांडलेली कल्पना धरली तर गोंधळ सुटतो. सभागृह पटकन मानलं नाही. पण विज्ञानाचा प्रश्न मतदानाने सोडवायचा नाही, इतकं भान त्यांना होतं. शेवटी कानिझारोची एक छोटी पुस्तिका वाटली गेली. लोथर मायरने ती नंतर वाचली आणि त्याच्या शंका फिटल्या. तिथे हजर असलेला 26 वर्षांचा मेंडेलीव्ह हे अणुभार मनात घेऊन परतला. 1869 मध्ये त्याची आवर्तसारणी आली.

या गोष्टीत मला दोन इशारे दिसतात. पहिला, बहुमत म्हणजे समज नव्हे. गटात सगळ्यात ठासून बोलणारा, इंग्रजी सफाईने बोलणारा, क्लासच्या वरच्या बॅचमधला, यांचं म्हणणं बरोबर असण्याआधीच मान्य होतं. मराठी माध्यमातून अकरावीला आलेली मुलगी मागे गप्प बसते. पण तिच्याकडे एक खास प्रश्न असू शकतो: ‘‘क्षपण म्हणजे कमी होणं ना? मग इलेक्ट्रॉन मिळतो तेव्हा क्षपण कसं?’’ शब्द परका नसल्यामुळे तिला त्यातली अडचण दिसते. इलेक्ट्रॉन ऋणभारित असल्याने तो मिळाला की ऑक्सिडीकरणांक कमी होतो, हे तिच्या प्रश्नामुळे गटातल्या सगळ्यांना नीट बघावं लागतं. हार्वर्डच्या एरिक माझूरने 1990 च्या दशकात चर्चेची जी पद्धत रुजवली, तिच्यात आधी प्रत्येकाने एकट्याने उत्तर द्यायचं असतं. मला यात युक्तीपेक्षा न्याय जास्त दिसतो. बोलका माणूस तोंड उघडण्याआधी अबोल माणसाकडे स्वतःचं उत्तर असतं.

दुसरा इशारा असा, की मायरला समजलं ते सभेत नव्हे, नंतर एकट्याने वाचताना. चर्चा आपल्या जागी कुणी समजून घेत नाही. ती फक्त जुनं चित्र हलवते आणि नव्याला जागा करून देते. तिथे काय ठेवायचं ते ज्याचं त्यालाच करावं लागतं.

आता फोनला विचारलं तर उत्तर क्षणात मिळतं. रात्री अकराला शंका आली तर मीही विचारेन. फोन न कंटाळता समजावतो, हसत नाही, त्याची लाज वाटत नाही. पण त्याचं चित्र नीट होणं माझ्यावर अवलंबून नाही. त्याला मी गप्प राहून फसवू शकत नाही आणि बोलून काही देऊही शकत नाही. शेजारच्या बाकावरच्याला देऊ शकतो.

रँक वाटली तर कमी होते. समज वाटली तर कमी होत नाही. या दोन वस्तू आपण एकाच निकालपत्रावर छापतो, म्हणून सतराव्या वर्षी मुलं त्यांना एकच समजतात. पर्सेंटाइल आपल्या हातात नाही, निदान लवकर तरी बदलणार नाही. पण कुणी आपलं अर्धंकच्चं चित्र आपल्यासमोर ठेवून ‘‘असंच ना?’’ म्हणालं, तर पुढचं वाक्य काय असेल, ते पूर्णपणे आपल्या हातात आहे.