आधी ऐकून घेऊ या

आजचं चिंतन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १



परवा माझी दुसरीतली लेक शाळेला निघताना म्हणाली, "बाबा, पोट दुखतंय." गणिताची चाचणी होती. मी म्हटलं, "काही होत नाही गं, काल सगळं येत होतं की!" ती गप्प झाली. मला वाटलं, समजूत पटली.

रात्री पहिला अध्याय वाचायला घेतला. अर्जुनाचं तोंड कोरडं पडलंय, अंग कापतंय, हातातून गांडीव निसटतंय. एवढा मोठा धनुर्धर, पण मनातली भीती शरीरावर दिसलीच. आणि भगवंत? अख्ख्या अध्यायात एकदाच बोलतात, समोर जमलेले कौरव बघ, एवढंच. अर्जुन मन मोकळं करत असताना मध्ये तोंड घालत नाहीत. उपदेश दुसऱ्या अध्यायात.

ऑफिसात सिस्टीम बंद पडली की मी आधी लॉग वाचतो, मगच हात लावतो. घरी मात्र काही न वाचताच उत्तर देऊन मोकळा झालो.

सकाळी तिला जवळ घेऊन विचारलं. म्हणाली, "मार्क कमी पडले की तू माझ्याशी बोलत नाहीस."

फळाची आसक्ती माझी, आणि पोट दुखत होतं तिचं.

भगवंतांनी अर्जुनाला रण सोडायला सांगितलं नाही. अभ्यास आपणही सोडायला सांगायचा नाही. पण सारथ्याने आधी रथ थांबवला होता. आज मुलं घरी आली की "किती मिळाले?" ऐवजी "कसा गेला रे दिवस?" असं विचारू या, आणि उत्तर पूर्ण ऐकू या.

जय हरी.